डिंडोलीतली शिरगणती

दोंडाईच्याहून सुरतेकडे निघालेल्या गाडीत कोणी कोणाला ‘कुठे निघालात’ असं विचारत नाही. ‘उधना का सुरत?’ एवढंच विचारतात. माझ्या बाकावरच्या बाईंनीही तेच विचारलं. मी म्हटलं, उधना. “मंग डिंडोली,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा फुटाणे खाऊ लागल्या. मी भूगोलाची शिक्षिका, पण माझा पत्ता त्यांनी एका शब्दात काढला.

आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. तालुक्याच्या शाळेत नववीला लोकसंख्येचा धडा शिकवते. माझी पदवी आबांच्या बारा-बारा तासांच्या पाळ्यांवर उभी आहे. आबा म्हणजे माझे धाकटे काका. तीस वर्षं सुरतेत यंत्रमागावर आहेत. तेव्हा या शहराला नावं ठेवताना माझी जीभ अडखळायला हवी. अडखळत नाही, त्याला मी काय करू?

सुरत समुद्राकाठी आहे असं मी मुलांना सांगत आले. डिंडोलीत उतरून पाहिलं तर समुद्र फक्त पाट्यांवर. एका सोसायटीचं नाव सागर, दुसरीचं सागर दर्शन, तिसरीचं न्यू सागर. तिन्हींच्या गच्चीवरून दिसतात ते रेल्वेचे रूळ, पाण्याच्या काळ्या टाक्या आणि चौथ्या सोसायटीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साड्या. भूगोल म्हणावा तर एकही चढ नाही, उतार नाही, झाडही शोधावं लागतं. दुकानांच्या पाट्या गुजराती लिपीत आणि आत बोलणं जळगाव-धुळ्याचं. ‘खान्देश शेवभाजी’ ही अक्षरं मला पहिलीतल्या मुलासारखी जुळवत वाचावी लागली.

कोपऱ्यावरच्या पानवाल्याला मी विचारलं, “दादा, डिंडोलीची वस्ती किती असेल हो?”

“आजनी का होळीनी?” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“ताई, होळीले या आनि मोजा. तुम्ही आनि मी, दोनच सापडसूत.”

मला ते हसण्यासारखं वाटलं नाही. ज्या गावातली निम्मी माणसं सणाला पळून जातात, त्या गावाला शहर म्हणण्याची घाई कोणाला झाली होती?

आबांची खोली दुसऱ्या मजल्यावर. खालच्या गाळ्यात माग चालतात, त्यामुळे घरात सगळे ओरडून बोलतात, अगदी ‘मीठ दे’ सुद्धा. “उनी का मास्तरीन?” (आलीस का?) आबा दारातून ओरडले आणि स्वतःच माझी पिशवी उचलून आत घेऊन गेले.

मी आले होते कानबाईसाठी. श्रावणातला हा आमचा खान्देशाचा सण, सुरतेतही आमच्या लोकांनी तो सोडलेला नाही. कानबाईचे रोट (गव्हाच्या पिठाच्या गोड पोळ्या) करायचे, तर आधी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचे. म्हातारा असो की तान्हा, त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, मगच मूठ टाकायची. बिननावाची मूठ चालत नाही. बापाची टाकली की पोराचीही टाकावीच लागते, घराने तोडलेला सोडून. मोजणीत अर्धं घर धरता येत नाही. हे गहू दळून जे होईल ते कुळातल्याच माणसांनी खायचं. माझ्यासारख्या लग्न न झालेल्या मुली खातात, लेकी लग्न होऊन गेल्या की नाही.

“यादी आवंदा तू लिख,” आबा म्हणाले. “घरमा शिकेल मानूस शे तर मन्हा तोंडपाठवर कशाले? अकरा लिख.”

मी बोटांवर मोजलं. भाऊबंद धरून बारा होत होते. बारावा संजूदादा, आबांचा एकुलता एक मुलगा.

चार वर्षांपूर्वी संजूदादाने घरी न सांगता ओडिशाच्या मुलीशी कोर्टात लग्न केलं. आबांनी त्याला मारलं नाही की शिव्या दिल्या नाहीत. “तुन्ही मूठ बंद,” एवढंच म्हणाले. तेव्हापासून तो हजिऱ्याकडे राहतो आणि कानबाईला येत नाही. बापाने जिवंत मुलाला मोजणीतून काढावं, याहून मोठी शिक्षा आमच्यात नाही. काकू तेव्हापासून देवाची जास्तच झाली; महिन्यातून एकदा एकटीच लांबच्या कुठल्याशा देवळात जाते.

रात्रीची भांडी घासताना काकू माझ्याकडे न बघता म्हणाली, “सकाळी समुद्र पहायाले जाय. आनि तथाईन (तिथून) पोऱ्याले पाही ये. आबाले सांगू नको.”

शुक्रवारी सकाळी मी दोन बस बदलून डुमसला पोहोचले. अखेर समुद्र! म्हणजे समुद्र आहे असं एका भेळवाल्याने सांगितलं, आणि हाताने दाखवलंही. ओहोटी होती. काळी वाळू, तिच्यापुढे काळा चिखल, चिखलापुढे आणखी चिखल, आणि फार दूर एक मळकी रेघ. आमच्या गावच्या धरणालाही याहून जास्त अब्रू आहे. लोक समुद्राकडे पाठ करून टोमॅटोची भजी खात होते. मीही एक प्लेट घेतली. भजी चांगली होती, हे कबूल करते. समुद्राला निदान हात तरी लावावा म्हणून पुढे गेले तर डावा पाय घोट्यापर्यंत रुतला. पाय निघाला, चप्पल राहिली.

“जवा दो, बेन,” (जाऊ द्या, ताई) भजीवाला लांबून म्हणाला. “दरियो पाछी नथी आपतो.” (समुद्र परत देत नाही.)

“समुद्राने आधी इथवर यावं तरी,” मी म्हटलं आणि त्याच्याच शेजारच्या टपरीवरून रबरी चप्पल घेतली.

तापीच्या मुखापलीकडे हजिऱ्याची धुराडी दिसत होती. आमच्या शेतांना पाणी देत येणारी तापी इथे पोहोचते तेव्हा तिचा रंग चहाच्या चोथ्यासारखा झालेला असतो. हजिरा समोर दिसतं, पण जायला पूल मागे मगदल्ल्याला. नाकासमोरच्या गावाला जाण्यासाठी मी उलटा दीड तास प्रवास केला. नकाशा काढणाऱ्याने या शहरावर नक्कीच सूड उगवला असणार.

संजूदादाचं गाव म्हणजे कारखान्यांच्या भिंतींमध्ये अडकलेली एक गल्ली. दोन्हीकडे चाळी, प्रत्येक दारापुढे बूट. रिक्षाच्या धक्क्याने खिळखिळी झालेली मी त्याच्या दारात उभी राहिले, तेव्हा तो नुकताच पाळी संपवून आला होता.

“तू?” तो म्हणाला. “कोणी गेलं का?”

“कोणी नाही गेलं. समुद्र बघायला आले होते.”

“सापडला का?”

मला हसू आलं. चार वर्षांत तो वाळला होता, पण जिभेचा तिखटपणा तसाच होता.

गावची लोकसंख्या विचारली तेव्हा तो म्हणाला, “दिवसपाळीचं गाव वेगळं, रातपाळीचं वेगळं. शेजारच्या खोलीत चार खाटा आणि आठ माणसं आहेत. एका खाटेवर दोघं झोपतात, पण त्यांनी एकमेकांना कधी नीट पाहिलेलं नाही. सांग, तुझ्या पुस्तकात चार लिहायचे की आठ?”

मी म्हटलं, ही माणसांनी राहण्याची तऱ्हा नव्हे. तो म्हणाला, “नसेल.”

त्याची बायको मिनती हिंदीत बोलायची. तिने मला पखाळ (पाण्यात भिजवून आंबवलेला भात) आणि बटाट्याच्या कुरकुरीत काचऱ्या वाढल्या. पहिला घास मी डोळे मिटून घेतला, तिसऱ्यानंतर मागून घेतला. तिचं लहान मूल माझ्या नव्या रबरी चपला एकमेकींवर आपटत बसलं होतं.

“दीदी, ये रोट कैसा होता है? इनसे बहुत सुना है,” मिनती म्हणाली.

मी मुठींचं सांगितलं.

“औरतों की मुट्ठी नहीं डालते? आपकी भी नहीं? इतना पढ़ी हैं, फिर भी?”

“माझीही नाही.”

“तब तो हम दोनों बराबर,” ती म्हणाली आणि खूप हसली. मला एवढं हसता आलं नाही.

निघताना संजूदादा फाट्यापर्यंत आला. मी म्हटलं, एकदा येऊन आबांच्या पाया पड. “पाया पडायला कधीही येईन,” तो म्हणाला. “पण सगळे रोट खात असताना मी ताट कोरं घेऊन बसू? आणि उद्या पोरगा विचारेल, त्याला काय सांगू, आपण कोणाचे?” बस आली. एवढंच बोलून तो वळला.

शनिवारी सकाळी गहू मोजायला घेतले. चौरंगाजवळ काकू परात घेऊन बसली, आबा भिंतीला टेकून, शेजारी दोन चुलत भाऊ. खालचे माग चालूच होते, म्हणून मी नावं ओरडून वाचत होते. एकेका नावाला काकूची मूठ परातीत रिकामी होत होती. अकरावं नाव झालं. आबा उठायला लागले.

“बारावा,” मी वाचलं, “संजय.”

कागदावर ते नाव मी पहाटे लिहिलं होतं. ज्यांनी मला शिकवलं त्यांचं न ऐकण्याची ही माझी पहिलीच वेळ. चुलत भाऊ छताकडे बघू लागले. काकूची मूठ डब्यातच राहिली. आबा पुन्हा खाली बसले.

“त्याले पोऱ्या शे ना?” ते म्हणाले.

“हो.”

“मंग तेरा व्हतीन. त्यान्हं नाव काय?”

मी त्या घरी दोन तास बसले होते. खाटा मोजल्या होत्या, धुराडी मोजली होती, पुलाला किती वळसा पडतो तेही लक्षात ठेवलं होतं. मुलाचं नाव मी विचारलं नव्हतं.

“माहीत नाही, आबा.”

“पाहीसन उनी (पाहून आलीस) आनि नाव नही माहीत?” ते ओरडले. मी कुठे गेले होते ते त्यांना कसं कळलं, हे विचारायची ती वेळ नव्हती. काकू मान खाली घालून गव्हातले खडे पाहत होती. बिननावाची मूठ टाकता येत नाही, आणि पोराची टाकल्याशिवाय बापाची टाकता येत नाही. आबांनी हात पुढे करून माझा फोन मागितला. मी संजूदादाचा नंबर लावून दिला.

“मी बोली राहिनू,” ते फोनवर ओरडले. “मी, तुन्हा बाप. गहू मोजी राहिनूत. पोऱ्यानं नाव सांग.” मग ऐकलं. “ओम? इतलंच? बरं.” काकूने बारावी मूठ टाकली, मग तेरावी. आबा दोन्ही मुठी पडेपर्यंत फोन कानाला लावून होते. “मूठ टाकी दिधी,” ते म्हणाले. “आते खावाले ये.”

रविवारी ते तिघं आले. आबा संजूदादाशी बोलले नाहीत, पण त्याच्या ताटात रोट त्यांनीच वाढला आणि मिनतीच्याही. ओम मात्र दारातून सरळ धावत गेला तो काकूच्या मांडीवर, रोजची जागा असावी तसा. सगळ्यांनी पाहिलं. काकू दर महिन्याला ज्या देवळात जात होती ते देऊळ कुठे असेल, हे मला तेव्हा कळलं. आबांनीही पाहिलं आणि भोपळ्याची भाजी मागितली.

सोमवारी कानबाईचं विसर्जन करून मी परतीची गाडी धरली. सुरत मला आवडलं नाही. समुद्र लपवणारं, नदी मळवणारं आणि माणसं पाळीपाळीने झोपवणारं शहर आवडावं असं त्यात काही नाही, आणि हे मी वर्गातही सांगणार आहे. डिंडोलीची खरी लोकसंख्या मला शेवटपर्यंत कोणी सांगू शकलं नाही. पण दुसऱ्या मजल्यावरच्या त्या एका खोलीत तेरा मुठी पडल्या, एवढं मी खात्रीने लिहू शकते. आबांनी यादीचं काम कायमचं माझ्याकडे दिलं आहे. पुढच्या श्रावणात कोणाच्याही घरी गेले, तर आधी तिथल्या मुलाचं नाव विचारीन, मग पाणी पिईन.