आग्नेसची थाळी

परदेशात जाऊन गोरगरिबांची सेवा करावी, असं आम्हा नवरा-बायकोला निवृत्तीनंतर वाटलं, यात त्या गोरगरिबांचा काही दोष नव्हता.

मी खोपटच्या डेपोत तीस वर्षं एसटीची इंजिनं खोललेली. सुलभा, म्हणजे आमची ही, कळव्याच्या एका शाळेत शिवण शिकवायची. आमच्या चर्चला आफ्रिकेत, मलावीतल्या एका खेड्यात वर्षभरासाठी जोडपं पाठवायचं होतं. नवऱ्याने हातपंप दुरुस्त करायचे, बायकोने शिवणवर्ग चालवायचा. ठाण्याची लेक म्हणाली, "पप्पा, घरचा नळ गळला तर तुम्ही प्लंबर बोलावता." मी दुर्लक्ष केलं. देवाने बोलावल्यावर मुलींचं ऐकत बसायचं नसतं.

गाव मात्र फार गोड होतं. आजही डोंबिवलीला, कोपरच्या आमच्या घराच्या गॅलरीत बसलो की तिथली लाल माती आणि पंपावर पाणी भरणाऱ्या बायकांची गाणी आठवतात, आणि हातातला चहा निवून जातो. शेजारी आग्नेस नावाची विधवा राहायची. आमच्याच वयाची, हसली की डोळे मिटायचे. तिला आमची भाषा येईना, आम्हाला तिची. आम्ही पोचलो त्याच संध्याकाळी ती ॲल्युमिनियमच्या थाळीत उकडलेली रताळी घेऊन आली.

आता, कोपरच्या आमच्या बिल्डिंगचा कायदा असा, की शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही. नाताळात आमच्या करंज्या वरच्या देशपांडेवहिनींकडे जातात आणि डबा चकल्या घेऊन खाली येतो. (घरात काहीच नसलं तर निदान चमचाभर साखर!) सुलभाने थाळी घासली, त्यात दाण्याचे चार लाडू ठेवले आणि देऊन आली.

दुसऱ्या दिवशी थाळी परत आली, भुईमुगाच्या शेंगांनी शिगोशीग भरून. सुलभाने शिरा पाठवला. सहा अंडी आली. शंकरपाळे गेले, भोपळा आला. हा भोपळा एवढा मोठा होता की तो आम्ही पाच दिवस भाजीत, दोन दिवस घारग्यांत आणि एक दिवस नाइलाजाने खाल्ला. मी त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, 'इथे कशाची म्हणून कमी नाही.'

असं करता करता वर्ष सरत आलं. मग कोंबडी आली. जिवंत!

"अहो, तिला परवडत असेल का हो?" सुलभा म्हणाली. "मी आता थांबते."

इथे शहाण्या माणसाने मान डोलावली असती. मी म्हटलं, "थांबते काय? उद्या गावभर होईल, डोंबिवलीची माणसं घेताना पुढे आणि देताना मागे." लेकीने बांधून दिलेले काजू-बेदाणे मी स्वतः काढून दिले आणि केक करायला लावला. बिनओव्हनचा, पातेल्यातला. तो थोडा करपला, पण वजनाला चांगला भरला.

शनिवारी सकाळी दार उघडलं तर दारात शेळी. तिच्या दोरीचं दुसरं टोक आग्नेसच्या हातात, आणि दुसऱ्या हातात थाळी. थाळी रिकामी होती, कारण शेळी तीत मावत नव्हती.

"आता काय पाठवायचं?" सुलभाने विचारलं. "तुम्हीच जाऊन उभे राहा तिच्या दारात."

रविवारी उपासनेनंतर चर्चतर्फे अडचणीतल्या घरांना मक्याचं पीठ द्यायचं होतं. नावं आणि अडचणीचं कारण लिहून घ्यायला मी टेबलाशी बसलो, तिथल्या चर्चचे पाळक दुभाषे. पीक गेलं, नवरा आजारी, छप्पर उडालं, असं मी सहानुभूतीने लिहीत होतो. मान वर केली तर समोर आग्नेस.

ती बराच वेळ हळू आवाजात बोलली. पाळक खाकरले.

"ती म्हणते, पाहुण्यांनी पाठवलं त्याहून कमी परत पाठवणं इथे लाजेचं असतं. कोंबडी एकच होती. शेळीही एकच होती."

मी जमिनीत जायचा बाकी होतो. ज्या बाईला द्यायला साता समुद्रापलीकडून आलो, तिचीच चूल आम्ही हसतमुखाने विझवत आणली होती. माझ्या बाजूला बसलेली सुलभा तशीच उठून घरी गेली. शेळी, कोंबडी आणि रिकामी थाळी घेऊन आग्नेसच्या अंगणात गेली. जन्मात पहिल्यांदा तिने शेजारणीचं भांडं रिकामं दिलं. आग्नेसने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि सुलभाला अशी मिठी मारली, की दोघीही रडल्या.

यादीत आग्नेसच्या नावापुढे कारण मात्र मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'शेजारी राहणारे चर्चचे सेवक.' यादी वरच्या कार्यालयात गेली. महिन्याभराने तिथून सही-शिक्क्यानिशी उत्तर आलं, 'पीठ मंजूर. मात्र अडचणीचं कारण लवकरात लवकर दूर करावं.'

आमची मुदत तशी संपतच आली होती. वर्षभरात मी अकरा पंप दुरुस्त केले, त्यातले चार अजून चालतात. पण आमच्या जाण्याने गावाचं भलं होईल, हे लेखी मिळालं ते तेवढंच.