दहापैकी चार

माझे यजमान हवाई दलात टेस्ट पायलट होते. लोकांना वाटतं, हवाई दल म्हणजे लढाई. पण कारखान्यातून नवं विमान बाहेर पडलं की ते खरंच उडतं का आणि उडालं तर परत येतं का, हे कुणीतरी आत बसून बघावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे हे. बाकीचे वैमानिक पुस्तक वाचून विमान शिकतात. यांनी उडवल्यावर ते पुस्तक लिहिलं जायचं. आपल्याकडे घडवलेल्या एका विमानात सगळ्यात आधी बसलेला माणूस माझ्या घरात ओला टॉवेल पलंगावर टाकतो, याउपर मला काही बोलायचं नाही.

निवृत्तीनंतर यांचे मित्र पुण्यात बंगले बांधून बसले. आम्ही मीरा रोडला फ्लॅट घेतला, कारण माझं माहेर तिथून जवळच, मोरवा गावातलं. सोसायटीत सगळे यांना 'पायलट अंकल' म्हणतात. एकदा सव्वीस जानेवारीला सेक्रेटरीने 'दो शब्द बोलिए' म्हणून माईक हातात दिला, तर हे खरोखर दोन वाक्यं बोलून खाली बसले.

ही यांच्या कामाची सवय. बंगळूरला असताना उड्डाण संपलं की हे आधी इंजिनीअरांसमोर बसायचे, चहासुद्धा नंतर. विमानाने काय केलं ते सांगायचं, आपल्याला काय वाटलं ते नाही. घाबरलो, जीव टांगणीला लागला, असलं काही तिथे चालायचं नाही, कारण इंजिनीअरला भीती दुरुस्त करता येत नाही. विमान हाताळायला किती जड गेलं, त्याला मात्र एक ते दहामधला आकडा द्यायचा. एक म्हणजे लोण्यासारखं. दहा म्हणजे विमान हातातून गेलं. एकदा हवेत इंजिन बंद पडलं आणि यांनी ते तसंच धावपट्टीवर आणून टेकवलं. मला हे शेजारणीकडून कळलं. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाले, "सहा." मी बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

गेल्या वर्षी एका सकाळी हे बाजारातून आले आणि पिशवी मांडीवर घेऊनच खुर्चीत बसले. "छातीत दाब आहे. डावा हात जड झालाय. घाम येतोय," म्हणाले. अगदी बातम्या दिल्यासारखं.

"अहो, मग बसून काय राहिलात?"

"बघतोय, वाढतंय का."

बघतोय म्हणे! माझ्या अंगाची लाहीलाही झाली. तशीच घराला कुलूप घातलं, रिक्षा थांबवली आणि यांना नया नगरच्या बाजूला एका नर्सिंग होममध्ये नेलं.

डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड. "अंकल, दर्द कितना है? दस में से?"

यांनी विचार केला. खरोखर केला, डोळे मिटून. मग म्हणाले, "चार."

डॉक्टरचा चेहरा सैल पडला. "गॅस होगा. इंजेक्शन देता हूँ, बाहर बैठिए. ईसीजी बाद में कर लेंगे, अभी अंदर पेशंट है." त्या बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. चार ऐकल्यावर कुणीही हेच म्हटलं असतं. त्याच्या दहाला माणूस किंचाळतो. यांच्या दहाला माणूसच उरत नाही, हे त्याला कुठून कळणार?

हे मुकाट्याने बाहेर जाऊन बाकावर बसलेसुद्धा. शर्ट पाठीला चिकटला होता, ओठ पांढरे पडले होते. मी केबिनच्या दारातून हलले नाही. माझा आवाज किती चढला ते मला नंतर लोकांनी सांगितलं.

"डॉक्टर, ये आदमी का इंजिन हवा में बंद पडा था, तब भी इसने पाँच बोला था! अभी चार बोल रहा है. आप मशीन लाओ!"

"सहा," हे बाकावरून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा!"

सगळी ओपीडी आमच्याकडे बघायला लागली. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर यांच्या शर्टाकडे, आणि सिस्टरला हाक मारली. ईसीजीची पट्टी हातात आली तशी त्याची धावपळ सुरू झाली. गोळ्या दिल्या, अॅम्ब्युलन्स बोलावली. दुपारपर्यंत मोठ्या हॉस्पिटलात यांची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडून झाली होती. बाकावर बसून राहिला असता तर हा माणूस गेला असता. मी तेव्हा रडले नाही, नुसती चिडलेली होते.

दुसऱ्या दिवशी मोरव्याहून माझा भाऊ आला. "दाजी, बरा हाय ना?"

"हो. स्थिर आहे," हे म्हणाले. भाऊ समाधानाने परत गेला.

तो गेल्यावर हे छताकडे बघत म्हणाले, "अगं, मला भीती वाटली."

हा शब्द मी यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी हात हातात घेतला. "वाटणारच. हार्ट अटॅक होता तो."

"कालचं नाही म्हणत. विमानाचं. दर वेळी वाटायची, चढताना."

माझा ऊर भरून यायला हवा होता. पण आधी आला तो रागच. बंगळूरला आभाळात घरघर सुरू झाली की मी गॅस बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहायची आणि संध्याकाळी काही झालंच नाही अशा चेहऱ्याने दार उघडायची. इतक्या धीराच्या माणसाला असली भित्री बायको कशी मिळाली, याची मला इतकी वर्षं लाज वाटत होती.

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू जाऊ दिलं असतंस?"

"नसतं दिलं," मी म्हटलं. "पण निदान दोघं मिळून तरी घाबरलो असतो हो."