नाणेघाट: एकदा हेडसेटमध्ये, एकदा आईसोबत

सहा महिने मी कॉम्प्युटरवर नाणेघाट बनवत होते आणि प्रत्यक्षात एकदाही चढले नव्हते. डोळ्यांवर व्हीआर हेडसेट लावला की दोन हजार वर्षांपूर्वीची घाटवाट दिसावी, हे आमच्या कंपनीचं शाळांसाठीचं काम. सोमवारी ते शिक्षकांना दाखवायचं होतं. मुलं यालाच खरं मानतील, या विचाराने मला चैन पडेना. शनिवारी हेडसेट पिशवीत टाकला आणि आईला म्हटलं, "चल."

"मी कशाला गो? माझा जन्म डोंगर चढन्यातच गेला," म्हणेपर्यंत तिने पदर खोचलाही होता.

आमच्या शेणव्याहून आधी मुरबाड गाठलं, मग माळशेजकडची एसटी. बायकांना अर्धं तिकीट. टोकावड्यालाच वडापाव खाऊन पाणी भरून घ्या, पुढे भरवसा नाही. नाणेघाटाच्या फाट्यावर उतरलं की अडीच-तीन तासांची चढण. मी धापा टाकत, आई पुढे.

वर लेण्यात, शिलालेखाजवळ तिला बसवून हेडसेट लावला. आत बैल, व्यापारी, ओझी. "अगो बाय!" करत ती मान फिरवत राहिली. मग एकदम हसत सुटली.

"ही येडी कोन?"

"कोण गं?"

"मोळीवाली. एकटीच हाय न् मोळी भुईला टाकून बसलीय. आता उचलून कोन देनार, तुझा बाप?"

ती बाई मीच बनवली होती. दमलेली दिसावी म्हणून बसवली होती. डोळखांबच्या रानात आईची मोळी डोक्यावर चढवायला लहानपणी मीच हात लावायचे. घरातली पहिली पदवीधर, आणि नेमकं हेच विसरले.

"मग एकटीने दमल्यावर काय करायचं?"

उतरताना तिने वाटेकडेचा खांद्याइतका उंच दगड शोधला, पाठ लावून उभी राहिली आणि डोक्यावरचं नसलेलं ओझं मागे सरकवलं. "असं. उभ्यानंच." मी मोबाईलवर तीनदा चित्रण केलं.

सोमवारी कंपनीतल्या सरांना म्हटलं, हे आज दाखवायचं नाही, चुकलंय.

"कोणाला कळणार आहे?"

"माझ्या आईला कळलं, सर."

ते चिडले, पण आठवडा दिला. आठवडाभर मी तीच बाई पुन्हा बनवत होते.

काल घरी आईला पुन्हा हेडसेट लावला. आता मोळीवाली मोळी दगडावर टेकवून उभी होती. आई उठली आणि दोन्ही हात हवेत वर नेत म्हणाली, "थांब गो, मी हात लावते."