नवरीने मेकअप पुसायला लावला

फ्रेंड्स, हे आजच लिहून टाकते. उद्या लाज वाटेल.

ब्रायडल मेकअपचा कोर्स करून आज तलासरीजवळच्या एका पाड्यावर माझी पहिली ऑर्डर होती. नवरी सुनीता, सावळी, मस्त दिसते. कोर्समध्ये शिकवलेलं की नवरीला दोन शेड उजळ करायचं. मी केलं.

तिची मामी जाम खूश. "बघ, कशी गोरी केली! आता नवऱ्याकडच्या बायका गप बसतील. रंगावरून काय काय बोलल्या होत्या!"

सुनीताने आरशात बघितलं. चेहरा राखाडी दिसत होता.

"ताई, पुसून टाक हे."

"अगं, वऱ्हाड पोचलं!" मामी ओरडली.

"पोचू दे. त्याने मला भातलावणीच्या चिखलात बघून पसंत केलंय. मांडवात दुसरीच कोणी दिसली तर पळेल तो!"

सगळ्या हसल्या. मला मात्र घाम फुटला, कारण किटमध्ये तिची शेडच नव्हती. शेवटी पर्समधून माझ्या स्वतःच्या शेडची फाउंडेशनची ट्यूब काढली. मीपण तिच्याच रंगाची आहे, पण नेहमी फिकटच लावत आले. ती ट्यूब मी उघडलीच नव्हती. आज उघडली.

सुनीता तयार झाली आणि मामी बघतच राहिली. मग हळूच माझ्यासमोर येऊन बसली. "मलापण थोडं लाव. पण गोरी नको करू हां."

थँक यू, सुनीता. आता प्रत्येक नवरीला मी आधी विचारणार, तुला कसं दिसायचंय?

तुम्हाला हे कधी कोणी विचारलं होतं का?