मी न केलेले तीन फोन

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर वाचून हसणाऱ्यांतली मी. कुणाला पावलं ऐकू आली, कुणाला सावली दिसली... मी पान उलटायची. बँकेत गृहकर्ज विभागात काम केलेली बाई आहे मी, कागद दाखवा मग बोला, अशी सवय. त्यामुळे आज मीच लिहायला बसले याचं गिरीशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, फार हसू येतंय.

आम्ही चार पिढ्या मैसूरचे. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड. माझ्या मराठीत कन्नड घुसतं, तेवढं सांभाळून घ्या.

गोष्ट बटणांचे मोबाइल होते तेव्हाची. मी नुकतीच बँक सोडून घरांच्या खरेदी-विक्रीचं काम सुरू केलं होतं. मैसुरात ब्रोकरांना तोटा नाही, मग माझ्याकडे कोण येणार? तेव्हा अमेरिकेतल्या माझ्या मावसभावाने एक युक्ती सांगितली. तो तिकडे हाच धंदा करतो. म्हणाला, "अख्ख्या गावाला पत्रकं वाटत बसू नकोस. ज्याला घर विकायची खरंच निकड आहे असे मालक शोध, त्यांची यादी कर, आणि फक्त त्यांनाच पत्र लिही. एकदा नाही, पुन्हा पुन्हा लिही."

मला हे इतकं पटलं की त्याच संध्याकाळी मी गिरीशला स्कूटरवर बसवलं. कुवेंपुनगरात, आमच्या घरापासून जवळच, कितीतरी बंद घरं होती. फाटकात गवत, ग्रिलमध्ये अडकलेली विजेची बिलं, पडून सुकलेले नारळ कुणी उचललेले नाहीत... अशी घरं मी टिपून घ्यायची. मग शेजाऱ्यांकडे चौकशी. मालक कुठे असतात? मुलगा परदेशी का? वाटणी अडलीय का? पत्ता मिळाला की पत्र. एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, आणि पाकिटावर पत्ता माझ्या हाताने, कारण छापील पत्ता बघून लोक न उघडताच फेकतात.

पहिला फोन आला तेव्हा मी डोसा घालत होते. एका हातात कालथा, एका हातात फोन, आणि पलीकडून एक गृहस्थ म्हणतायत, "तुमचं पत्र आलं, घर द्यायचं आहे." तो डोसा जळून कोळसा झाला आणि मी स्वयंपाकघरात अक्षरशः नाचले. मग रोज फोनच्या आवाजाकडे कान. काय दिवस होते ते!

त्या यादीत एक बैठं घर होतं. पुढे छोटी बाग, निळं फाटक, दाराला मोठं पितळी कुलूप. समोर नंजप्पा सर राहायचे, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी सांगितलं की घर एका सरकारी नोकराने बांधलेलं, आपल्याच मराठी लोकांचं. नवरा-बायको दोघंही गेले, मुलं दोन, थोरले श्रीनिवासराव बेंगळुरूला आणि धाकटा मोहन इथेच विजयनगरात. दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. मी दोघांनाही पत्र पाठवलं आणि सरांकडे माझं कार्ड ठेवून आले.

मोहनरावांचा फोन लगेच आला. "मेडम, विकायला माझी ना नाही. पण अण्णा सही करणार नाही. घराची चावी दाबून बसलाय, आणि वर लोकांना सांगतो, चावी मोहनकडेच आहे."

थोरल्यांना मी तीन पत्रं लिहिली तेव्हा कुठे त्यांनी फोन केला. आवाजातच तिखट. "चावी त्याच्याकडे आहे. कुलूप तोडलं तर मी पोलिसात जाईन, एवढं सांगा त्याला."

"वारस दोघंच ना, सर?" मी बँकेतल्या सवयीने विचारलं.

"दोघंच," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

झालं. मी त्या घराच्या नावापुढे रेघ मारली.

मग संक्रांतीच्या सुमारास मला सर्दी झाली आणि घसा असा बसला की आवाजच गेला. घोगरा वगैरे नाही... तोंड उघडलं तर नुसती हवा. डॉक्टरांनी बजावलं, आठवडाभर बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. मी गिरीशशी मुलीच्या पाटीवर लिहून बोलत होते. माझा मोबाइल त्यानेच घेतला. कॉलेजात शिकवायला जाताना शर्टाच्या खिशात ठेवायचा आणि कुणाचा फोन आला तर निरोप घ्यायचा.

त्या रविवारी सकाळी आम्ही नाश्त्याला बसलो होतो. फोन वाजला, गिरीशने उचलला. नंजप्पा सर होते. गिरीश ऐकत राहिला, मग त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं.

"सर विचारतायत, तुमची पार्टी फाटकापाशी उन्हात उभी आहे, मेडम कधी येणार?"

मी पाटीवर लिहिलं – कुठली पार्टी?

"निळ्या फाटकाची. दोघेही भाऊ आलेत म्हणे. आणि एक बाई पण आहे. तू बोलावलंस असं सांगतायत."

अय्यो... माझ्या अंगातून काय सळसळत गेलं ते सांगता येत नाही. तेव्हा ती भीती नव्हती हं, आनंद होता. दोघे भाऊ एका फाटकाशी! साडी बदलायलाही थांबले नाही, स्वेटर चढवला आणि स्कूटरवर बसले.

फाटकाच्या एका खांबाला श्रीनिवासराव टेकलेले, दुसऱ्याला मोहनराव. मधे कुणीच नाही. जरा लांब, रस्त्याच्या कडेला, साधी सुती साडी नेसलेली, केस पिकायला लागलेली एक बाई कापडी पिशवी छातीशी धरून उभी. आम्ही उतरलो तसे थोरले तडक पुढे आले.

"काय हो मेडम, दहाला या म्हणून तुम्हीच सांगता आणि तुम्हीच उशिरा? आणि हा इथे कसा? तुम्ही तर म्हणालात, एकटे या."

"मलाही एकट्यालाच बोलावलंय," मोहनराव म्हणाले. ते भावाला नव्हे, मला सांगत होते.

गिरीश मधे पडला. "सर, काहीतरी गैरसमज होतोय. हिचा आवाज गेलाय. हिने कुणालाही फोन केलेला नाही."

श्रीनिवासरावांनी खिशातून मोबाइल काढला, बटणं दाबली आणि माझ्यासमोर धरला. शुक्रवार संध्याकाळ. नंबर माझा. मोहनरावांनी त्यांचाही दाखवला. तिथेही माझाच नंबर. मी गिरीशच्या खिशातून माझा फोन ओढून घेतला. शुक्रवारी संध्याकाळी त्यातून एकही फोन गेलेला नव्हता. गिरीश तेव्हा कॉलेजात मीटिंगला बसला होता, फोन त्याच्या खिशात.

"आवाज तुमचाच होता," थोरले म्हणाले. "मी आधी बोललोय ना तुमच्याशी. तोच आवाज. आणि परवा चांगला स्वच्छ होता."

मी गळ्याकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. त्या दिवशी पहिल्यांदा जरासा आवाज फुटत होता, फाटक्या कापडासारखा. तेवढ्यात ती बाई हळूहळू पुढे आली.

मोहनरावांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा पार बदलला.

"अक्का?" ते म्हणाले.

ती त्यांची बहीण होती. सुमित्रा. थोरल्याच्या पाठची, मोहनपेक्षा मोठी. जातीबाहेर लग्न केलं म्हणून वडिलांनी तिचं नाव टाकलं, आणि भावांनीही. दोघंच वारस, असं जे मला सांगितलं होतं ते त्यामुळे. ती इथेच मैसूर जिल्ह्यात, सरगूरला राहते हेही दोघांना ठाऊक नव्हतं. मला तर अशी कुणी बहीण आहे हेच माहीत नव्हतं. माझ्या यादीत तिचं नाव नव्हतं, तिला मी पत्र लिहिलेलं नव्हतं.

 श्रीनिवासराव फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिले. शेवटी तीच माझ्याजवळ आली. "तुम्हीच ना फोन केला? आमच्या गल्लीतल्या दूध डेरीत आला. सेक्रेटरी म्हणाले, मैसूरहून एक मेडम बोलतायत. मी धावत गेले. तुम्ही म्हणालात, भिंगरी, रविवारी दहाला घरी ये. येताना चावी आण."

"भिंगरी?" गिरीशने विचारलं.

"आई म्हणायची मला. फक्त आई, आणि तेही कुणी जवळ नसताना."

मोहनरावांनी भावाकडे पाहिलं. "अण्णा, तुला माहीत होतं हे?"

"नाही," थोरले म्हणाले. कितीतरी वर्षांत भावाला दिलेलं ते पहिलं उत्तर असावं.

मग सुमित्राबाईंनी पिशवीतून चावी काढली. आई वर्षातून एकदा नंजनगूडच्या देवळात जाते असं सांगून निघायची आणि सरगूरला लेकीकडे जायची. एकदा जाताना कुलपाची दुसरी चावी तिच्या हातात ठेवून गेली. हे तुझंही घर आहे, येशील तेव्हा ये, म्हणाली. मग एका वर्षी आई आलीच नाही. "तेव्हाच समजलं मला," त्या म्हणाल्या. "पुढे कुणीतरी सांगितलं. दिवसही होऊन गेले होते."

"तुझा पत्ता नव्हता गं," मोहनराव म्हणाले. एवढंच म्हणाले आणि फाटकाच्या खांबाकडे तोंड करून रडायला लागले. रस्त्यावरून माणसं जात होती, पण त्यांना भान नव्हतं. सुमित्राबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "सुम्ने रडू नको रे, सुम्ने इरु," म्हणजे उगाच रडू नको, शांत हो.

कुलूप गंजलं होतं. चावी शिरली, पण फिरेना. तेव्हा श्रीनिवासराव, जे इतका वेळ लांब उभे होते, पुढे झाले. नंजप्पा सरांकडून खोबरेल तेल मागून आणलं, दोन थेंब सोडले आणि चावी बहिणीच्याच हातात परत दिली. "तूच उघड," म्हणाले.

दार उघडलं. मी बाहेरच थांबले. आतून खिडक्या उघडल्याचे आवाज आले, मग कुणीतरी खोकलं, मग तिघांचं बोलणं... एकमेकांत मिसळलेलं, वाढत गेलेलं. मला इतका आनंद झाला होता की पाय जमिनीवर ठरत नव्हते. माझ्या हाताला धरून गिरीश सारखा विचारत होता, "पण फोन कुणी केला?" आणि मी त्याला गप्प करत होते. त्या क्षणी मला कुणी केला याची पर्वाच नव्हती.

थोड्या वेळाने सुमित्राबाई बाहेर आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "एकदा म्हणाल? फोनवर म्हणालात तसं."

काय करणार... मी सगळा जोर लावला आणि त्या फाटक्या घशातून म्हटलं, "भिंगरी."

 त्या मान हलवून हसल्या. "आवाज तोच. पण म्हणणारं माणूस हे नाही."

तेव्हा मात्र, भर उन्हात, माझ्या अंगावर काटा आला.

पुढे आम्ही सगळं तपासलं. फोन कंपनीच्या ऑफिसात जाऊन यादी काढली, तिच्यात त्या संध्याकाळी माझ्या नंबरवरून एकही फोन नाही. तिथला माणूस म्हणाला, असं होऊ शकत नाही, त्यांच्या मोबाइलमध्ये नंबर आलाय तर आमच्याकडे नोंद हवीच. मग म्हणाला, बिल तर नाही ना आलं, मग सोडून द्या. सरगूरच्या डेरीचे सेक्रेटरी मला नंतर भेटले. त्यांच्याशी फोनवरची बाई साफ कन्नडमध्ये बोलली होती, अगदी मैसूरच्या घराघरात बोलतात तसं. कुणी खोडसाळपणा केला असेल म्हणावं, तर माझा आवाज, दोघांचे नंबर, डेरीचा फोन आणि भिंगरी हे नाव... हे सगळं एका माणसाकडे कुठून असणार? गिरीश फिजिक्स शिकवतो. त्याने बरेच दिवस डोकं लढवलं आणि मग तो विषय काढायचं बंद केलं.

घर त्या वर्षी विकलं गेलं नाही. सुमित्राबाईंच्या मुलीला मैसुरात कॉलेजला प्रवेश मिळाला होता. भावांनी आपसात ठरवलं, शिक्षण होईपर्यंत मायलेकींनी तिथेच राहायचं. त्यांचे मिस्टर सरगूरची शेती सांभाळून जाऊन येऊन असायचे. माझा सौदा गेला, पण मला एकदाही वाईट वाटलं नाही. उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, मला तिथून होळिगे येत, पुरणपोळ्या, केळीच्या पानात बांधून.

मुलगी नोकरीला लागली आणि मग त्यांनी घर विकलं, माझ्यामार्फतच. तीन वारस, तीन सह्या. रजिस्ट्रारच्या ऑफिसात आम्ही नंबर यायची वाट बघत बाकावर बसलो होतो. दोघे भाऊ खाली कॉफी आणायला गेले होते. तेव्हा मी इतकी वर्षं मनात ठेवलेलं विचारलं.

"अक्का, त्या दिवशी फोनवर ते नाव ऐकून तुम्हाला भीती नाही वाटली?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी काहीतरी अगदीच बालिश विचारलंय.

"भीती कसली हो?" त्या म्हणाल्या. "मला बोलवायला किती वर्षांनी कुणाचा फोन आला होता."