ओळीवरचं ‘काहून’

प्रोबेशनचा शेवटचा आठवडा होता आणि मला कायम करायचं की नाही, हे आमच्या टीमच्या मॅडम ठरवणार होत्या. मी नववीनंतर शाळा सोडलेली, भंडाऱ्याकडून पुण्यात आलेली. कोड लिहायला शिकले ते आधी मोबाईलवर, मग एका मोफत वर्गात. मुलाखतीत मॅडमनी मार्कशीट मागितली नव्हती. एक बिघडलेला प्रोग्रॅम पुढे ठेवला आणि म्हणाल्या, “बघा, जमतंय का.” त्या उपकाराचं मला ओझंच झालं होतं. ही कुठली नववी पास आणून बसवलीत, असं त्यांना कुणी म्हणायला नको.

आमचं हिंजवडीतलं काम जुने प्रोग्रॅम सांभाळायचं. त्यातला एक कंपन्यांच्या बसगाड्यांचा: कोण कुठल्या थांब्यावर चढतं, कात्रजची गाडी कुठल्या वारी कुणाला हवी. त्याचं मुख्य पान उघडायला इतका वेळ लागायचा, की लोक तोवर चहा घेऊन यायचे. ते वेगवान करायचं काम माझ्याकडे आलं.

मी जीव ओतला. सोमवारचा एक, मंगळवारचे दोन, बुधवारचे चार अशी हव्या त्या वारांची बेरीज करत माणसाचा सगळा आठवडा मी एकाच आकड्यात कोंबला. पानभर ओळींचं काम तीन ओळींत बसलं. शिवाय प्रत्येक माणसासाठी थांब्यांची तीच ती यादी डेटाबेसकडून परत परत मागवली जात होती, ती एकदाच मागवून जवळ ठेवली. याचं मला काही वाटलं नाही, ते कुणालाही सुचलं असतं. त्या आकड्यावर मात्र मी खूश होते. साध्या ओळी लिहिल्या की त्यातून नववी डोकावेल, अशी माझी आपली समजूत.

मॅडम सगळ्यांना अहो-जाहो करतात, आणि त्या ‘अहो’चीच धास्ती वाटते. त्यांनी तीन ओळी वाचल्या. परत वाचल्या.

“अहो, हा कोड आहे की कोडं?”

“फास्ट चालतं, मॅडम.”

“किती? मोजलंत?”

दोन्ही बदल वेगवेगळे मोजले. पान पटकन उघडत होतं ते यादी एकदाच आणल्यामुळे. आकड्याची करामत ठेवा नाहीतर काढा, फरक असा काही दिसेना.

“वा. आपली गाडी वाकडच्या चौकात पाऊण तास उभी असते, त्यातले लोक या वाचलेल्या क्षणासाठी तुम्हाला दुवा देतील,” मॅडम म्हणाल्या. “आणि उद्या सकाळची न् संध्याकाळची गाडी वेगळी करायची ठरली, तर हे वाचणार कोण?”

“मीच वाचीन ना.”

“तुम्ही इथेच असाल, असं धरून चाललाय तर.”

दुपारचा डबा तसाच राहिला. हॉस्टेलची खोली सोडावी लागेल, सामान किती, गाडी कुठून, इथवर माझं मन जाऊन आलं. मग आकडा मोडला आणि वारांची नावं सरळ लिहून काढली: सोमवारी गाडी हवी का, मंगळवारी हवी का. यादीची ओळ ठेवली. पण ती जराशी आडवळणाची दिसत होती. पुढचा माणूस साफसफाई म्हणून ती काढून टाकेल आणि पान पुन्हा रखडेल. म्हणून ती का ठेवलीय, हे सांगणारी टीप तिच्यावर लिहिली. आमच्याकडे टिपा इंग्रजीत असतात. मी आधी मनात आपल्या बोलीत मांडते, मग इंग्रजी करते. त्या गडबडीत पहिला शब्द इंग्रजी करायचा राहून गेला.

मॅडम परत आल्या. वारांच्या ओळींवर त्यांची नजर अडखळलीच नाही. टिपेवर मात्र थांबली.

“हे काहून कोण? नवीन आलेत का?”

“नाही मॅडम, ते... आमच्याकडे ‘का’ला काहून म्हणतात. चुकून राहिलं. काढते.”

त्यांनी टीप पूर्ण वाचली. “राहू द्या.”

“अं?”

“राहू द्या म्हटलं. कुणी तरी विचारतंय असं वाटतं. मग पुढचं उत्तर वाचावं लागतं.” आणि स्क्रीनकडे बघतच म्हणाल्या, “तुम्हीपण राहा. एचआरला सकाळीच कळवलंय.”

“सकाळीच? मग मघाशी ते...”

“मघाशी काय? नुसतं विचारलं. काहून?”

शेजारचा बंगाली सहकारी एवढ्या मोठ्यानं हसला, की मीपण हसले, डोळे पुसत. आता वेगासाठी एखादी वाकडी ओळ ठेवायची असली, की टीममधला प्रत्येक जण तिच्यावर ‘काहून’ लिहितो. पुढे लिहायला काही सुचलं नाही, तर ओळ जाते. तो बंगालीसुद्धा लिहितो, फक्त त्याचं ‘कोहून’ होतं.

त्या दिवशी गाडीची वाट बघता बघता आईला फोन लावला. एरवी मी जेवणं झाल्यावर करते.

“काहून वं?” ती घाबरूनच बोलली. “आज एवढ्या लवकर? तब्येत बरी हाये ना?”

“बरी हाये वं,” मी म्हटलं आणि सगळं एका दमात सांगितलं. वारांचं, यादीचं, मॅडमचं. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे.

“म्हणजे राहते नं तू तिथं?”

“राहते.”

“मंग जेव आता,” ती म्हणाली. डबा अजून पिशवीतच होता. गाडीत जागा मिळाल्या मिळाल्या उघडला.