पहिला घाणा

मेहकरच्या बसस्टँडसमोर शालूबाईंचं शेवेचं दुकान आहे आणि त्याला लागून माझं घड्याळदुरुस्तीचं. लोक वेळ माझ्याकडे विचारतात आणि पैसे तिकडे खर्च करतात. तरी मी चिडत नाही, कारण शालूबाईंसारखी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

त्या दुकानाची एक रीत आहे. सकाळचा पहिला घाणा कढईतून निघाला की मालकाने चिमूटभर शेव चाखायची आणि 'जाऊ द्या' म्हणायचं. त्याशिवाय शेव विकायला जात नाही. चाखणारा तोच मालक. शालूबाईंचे सासरे उत्तमराव यांनी हे काम म्हातारपणी पोटच्या पोरांना सोडून सुनेकडे दिलं, तेव्हा भाऊबंदांनी तोंडं वाकडी केली. शालूबाईंनी शेवच अशी केली की तीच तोंडं रांगेत उभी राहिली.

गेल्या हिवाळ्यात त्यांना ताप आला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. दुसऱ्या कोणीही हे झाकलं असतं. ही बाई दुकानात आली, भर गिऱ्हाइकांत चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाली, "मले काहीच चव लागून नाही राह्यली. आजपासून दुसऱ्यानं चाखा."

मुलगा गजेंद्र पुढे झाला. माल आणणं, गावोगाव पोचवणं सगळं त्याच्याकडे, कामाला वाघ. पण गालात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा. "माय, तू नुसती मान हालव. लोकायले काय समजते?"

"तुह्या जिभेले खर्र्याशिवाय काय समजते? सुचिता चाखन."

सुचिता म्हणजे गजेंद्रची बायको. तो दिवसभर दुकानाकडे फिरकला नाही. त्याचं मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आणि बाजारात सगळे म्हणत होते, सून काय, सासूच्या शेवेला मानच डोलावणार.

पीठ अजून शालूबाईच भिजवत. एका सकाळी त्यांचा हात मिठात दोनदा गेला. सुचिताने चिमूट चाखली, मग आणखी एक चाखली. समोर जानेफळच्या गाडीची घाई असलेलं गिऱ्हाईक, शेजारी सासू. गजेंद्र हळूच म्हणाला, "जाऊ द्या म्हन ना."

तिचा चेहरा उतरला होता. "आई, खारट झाली," ती म्हणाली. "हे नाही जात."

आता या बाईचा पारा चढणार, असं मला वाटलं. शालूबाईंनी तो अख्खा घाणा उचलून आत नेऊन ठेवला. बाहेर आल्या, पिठाचा डबा सुनेपुढे सरकवला आणि पदराला हात पुसत गिऱ्हाइकांना म्हणाल्या, "थांबा जरासं. मालकीन नाही म्हन्ते."